मारुती ८००, मॉडेल १९९५: पाच वर्षं उभ्या गाडीला रस्त्यावर आणतानाच्या नोंदी

गाडी एमएच ०९ पासिंगची, कार्बोरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. ठिकाण कोल्हापूर, घरामागची पत्र्याची शेड. मी मिस्त्री नाही. नोकरी सांभाळून रविवारी काम करतो. याच पिढीची गाडी कुणी घरी उघडणार असेल तर माझा गेलेला वेळ त्याचा जाऊ नये म्हणून खर्च आणि चुका जशाच्या तशा लिहितो आहे.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

दरवर्षी दसऱ्याला शेडमध्ये जातो, गाडीला हार घालतो, हळदकुंकू लावतो आणि दार ओढून घेतो. यंदा आप्पा म्हणाले, "पूजा करतोस आणि चालवत नाहीस. त्यापेक्षा विकून तरी टाक." गाडी त्यांनी नवी घेतलेली. पहिल्या टाकीपासून प्रत्येक पेट्रोलची नोंद त्यांच्या वहीत आहे. शेवटची नोंद मार्च २०२०ची, काटा १,१८,४०६ किलोमीटरवर.

आरसी फेब्रुवारी २०२० मध्ये पाच वर्षांसाठी रिन्यू केली होती, पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागला. म्हणजे मुदत फेब्रुवारी २०२५ पर्यंत. चार महिने हातात आहेत.

१३ ऑक्टोबर

सेल्फ मारायचा नाही, हे आधी ठरवलं. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात. तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि दोन तास थांबलो. मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवलं. पहिला पाव फेरा जड गेला, नंतर इंजिन सुरळीत फिरलं. हा दिवसातला सगळ्यात मोठा दिलासा.

चेंबरमधलं जुनं ऑइल सोडलं, फिल्टर बदलला. २०-डब्ल्यू-४० चा तीन लिटरचा कॅन, थोडं उरलं. फिल्टर धरून १,३५० रुपये.

२० ऑक्टोबर

उंदीर. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, त्यात कापूस, उसाचा पाला आणि भुईमुगाची टरफलं. पुढच्या बाजूच्या वायरी कुरतडलेल्या. हेडलाइटची एक, हॉर्नची एक आणि रेडिएटरच्या फॅनच्या दोन्ही. फॅनच्या वायरींचे रंग इतके उडालेले की कुठली कुठल्या रंगाची, ते ओळखू येईना. दोन्ही तासल्या, नवं कनेक्टर बसवलं, वरून स्लीव्ह चढवली. नवी बॅटरी लावून (३,४०० रुपये, जुनी देऊन) फॅनला थेट करंट दिला. फॅन फिरला. पुढच्या कामाला लागलो.

२७ ऑक्टोबर

सेल्फ छान घेतो, इंजिन पेट घेत नाही. गाडी चालू होईना म्हटलं की लोक एकदम कार्बोरेटर उघडतात. आधी करंट बघायचा, तो पाच मिनिटांत कळतो.

कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढली, टोक इंजिनच्या धातूपासून सहा-सात मिलिमीटरवर धरलं (लाकडी चिमट्याने, हाताने नाही) आणि सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. कॉइलला बारा व्होल्ट येत होते. म्हणजे करंट येतोय, पण तोडला जात नाही. कॉइल ठिणगी देते ती तिच्यातला करंट अचानक तुटतो तेव्हा, आणि तो तोडण्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करतात. कॅप उघडली तर पॉइंटच्या तोंडावर पांढरट थर. करंट तिथून जातच नव्हता, तर तुटणार काय?

पॉलिश पेपरने घासले, फीलर गेजने ०.४ मिलिमीटरची गॅप लावली. ठिणगी आली, पण पिवळी आणि मरगळलेली. कंडेन्सर बदलल्यावर निळी, टक्क आवाज करणारी. पॉइंट-कंडेन्सरचा सेट २८०, कॅप आणि रोटर ४२०, तीन प्लग ३३०. एकूण १,०३०. प्लगची गॅप ०.७ ते ०.८.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताई आलेली, तरी दुपारी तीन तास मिळाले. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. तांबूस, वार्निशसारखा वास, तळाला पाणी. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, प्रमाणाबाहेर झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. इथेनॉल आमच्याच उसाचं आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून ठेवा.

टाकी उतरवून बाहेर धुवायला दिली, ७०० रुपये. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, २६०. जुना पाइप बोटाने वाकवला तर कडकन मोडला. फिल्टर ९०.

१० नोव्हेंबर

कार्बोरेटर. फ्लोटच्या वाटीत मधासारखा चिकट थर, फ्लोटची सुई जागेवर अडकलेली. क्लीनरमध्ये भिजवला, किट बदललं (४५०).

इथे एक चूक केली. मेन जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नळीचं) भोक बुजलेलं होतं आणि क्लीनर संपला होता. घाईत ते शिवणाच्या सुईने मोकळं केलं. जेट पितळेचं असतं आणि त्याचं भोक मोजून पाडलेलं असतं. पोलादी सुईने ते मोठं होतं, डोळ्यांना दिसत नाही पण इंजिनाला कळतं. वाट बघून दुसरा डबा आणायला हवा होता.

संध्याकाळी सहा वाजता गाडी चालू झाली. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला (जुने मिस्त्री याला एसी पंप म्हणतात) वाटी भरायला वीस-पंचवीस सेकंद लागले, मग दोनदा ठसकली आणि धरली. आप्पा काठी टेकत शेडपर्यंत आले आणि उभे राहून ऐकत राहिले.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी मत देऊन आलो, मग मागचे ब्रेक. डावा ड्रम निघेना. हातोडीने ठोकायचा मोह टाळला, गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या मामांकडून पुलर आणला (ते कुणाचेच सख्खे मामा नाहीत, सगळ्या गल्लीचे आहेत). पुलर आणि त्यांच्या मुलाचा एक तास, ३०० रुपये.

आत व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक ढकलणारा) गंजून गच्च. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी शोषतं, आणि ते पाणी सगळ्यात खालच्या जागी साठतं. दोन्ही व्हील सिलिंडर नवे (७६०), लायनर सेट ५५०, मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्याचं) रबर किट ३५०.

२४ नोव्हेंबर

ब्रेकमधली हवा काढली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मुलगी पेडलवर, मी चाकाशी. "दाब. धर." निपल (चाकाशी ऑइल सोडायचा स्क्रू) सैल, बुडबुडे, निपल घट्ट. "सोड." हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पेडल सुटलं, तर बाहेर गेलेली हवा परत आत येते.

आमचा क्रम बरोबर होता. पण निपलकडे बघण्याच्या नादात वरच्या डबीतलं ऑइल संपलं आणि मास्टर सिलिंडरने हवाच ओढली. सगळं पहिल्यापासून. एक संध्याकाळ आणि ऑइलची एक बाटली वाया. आता दर आठ-दहा दाबांनंतर डबी बघायची, हे काम पेडलवर बसणाऱ्याचं. ब्रेक ऑइल बॉनेटच्या कडेवर सांडलं होतं, पुसेपर्यंत रंग सोलला.

१ डिसेंबर

पेडल आता कडक आहे. पण पुढचं डावं चाक एकदा ब्रेक दाबला की सुटत नाही. चाक उचलून हाताने फिरवलं, हलेना. पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुटतं.

कॅलिपरचा (पुढच्या चाकाची डिस्क पकडणाऱ्या भागाचा) पिस्टन अडकला असं पहिलं वाटलं. कॅलिपर खोलण्याआधी दोन गोष्टी केल्या. चाक अडकलेलं असतानाच निपल अर्धा फेरा सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे पिस्टन ठीक, दाबच आत कोंडला होता. निपल सैल करूनही चाक सुटलं नसतं तर दोष पिस्टनचा. मग पुन्हा ब्रेक दाबला, चाक अडकवलं, आणि या वेळी रबरी होज जिथे लोखंडी पाइपला मिळतो तो वरचा जोड सैल केला. चाक तसंच अडकलेलं. म्हणजे कोंडलेला दाब होजच्या खालच्या बाजूला आहे.

होज बाहेरून एकदम नीट दिसत होता. कापून बघितला तर आतलं भोक फुगून काडीएवढं उरलेलं. पायाच्या जोराने ऑइल खाली जातं, परत यायला जोर नसतो, म्हणून ते तिथेच राहतं. पुढचे दोन्ही होज बदलले, ६००. ऑइलच्या दोन बाटल्या ४४०. ब्रेकचा खर्च सगळा मिळून बरोबर ३,००० झाला.

८ डिसेंबर

टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून चालतील असं वाटत होतं. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, माझ्यावर ३२१२ होते: २०१२ सालचा ३२वा आठवडा. बारा वर्षांचं रबर, कडेला बारीक भेगा. चारही बदलले, १४५/७० आर १२, एकूण १०,८००. सगळ्या कामातला सर्वांत मोठा खर्च हाच आणि याबद्दल मनात अजिबात शंका नाही.

थर्ड पार्टी विमा २,०९४ अधिक जीएसटी. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.६ टक्के आला. एवढ्या जुन्या गाडीला तीनपर्यंत चालतो. जवळ आहे, लक्ष ठेवायला हवं.

हायवेला कागलपर्यंत जाऊन आलो. साठच्या वेगाने झकास. टेंपरेचरचा काटा मधोमध.

१५ डिसेंबर

पन्हाळा. वीस किलोमीटर आणि शेवटचा चढ, इंजिन आणि ब्रेक दोन्हींची परीक्षा एका फेरीत होते. वाघबीळपर्यंत काटा मध्यावर. गडाच्या वळणांना लागलो, पुढे उसाचा ट्रॅक्टर, दुसऱ्या गिअरमध्ये दहा-पंधराचा वेग. काटा वर सरकू लागला, फॅन चालू झाल्याचा आवाज आला, तरी काटा चढतच गेला. लाल पट्टीच्या आधी बाजूला घेतली. रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत खळखळ उकळी, बॉनेटखालून वाफ.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. ०.९ किलोचा दाब धरणाऱ्या झाकणाखाली आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. चाळीस मिनिटं थांबलो, पाणी भरलं, उतारावर परत.

१८ ते २२ डिसेंबर

सल्ल्यांचा आठवडा. ऑफिसात, गल्लीत, नात्यात ज्यांनी कधी मारुती चालवली त्या प्रत्येकाकडे उपाय होता.

पहिला: "थर्मोस्टॅट काढून टाक, सगळेच काढतात." (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा तळातून वरच येईना, इंजिन थंडच धावतं, चोक सोडला की अडखळतं. आणि चौकात थांबलो तर काटा परत वर. रोग तोच, शिवाय नवा त्रास. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलेलं आहे, ८३ला हलला, ९५ला सताड उघडला. एकदम निरोगी. नवं गॅस्केट (४०) लावून परत बसवला.

दुसरा: "फॅन उशिरा लागतोय, स्विच बदल." बदलला, २६०. फॅन आधीसारखाच लागतो.

२९ डिसेंबर

तिसरा: रेडिएटर चोक, म्हणजे तुंबलेला असणार. उतरवून रॉडिंगला (नळ्या सळईने साफ करायला) दिला, ९००. रॉडिंगवाल्याने टाकी उघडून दाखवली, नळ्यांत थोडा गाळ, पण चोक म्हणावं असं नाही. केलंच. नवं कूलंट, ५२०.

मार्केट यार्डाकडे गर्दीत घातली. वीस मिनिटांत काटा वर.

५ जानेवारी २०२५

चौथा: वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप. आतला पंखा गंजून झिजला की पाणी फिरत नाही, हे खरं आहे. पण तिला ना गळती होती ना शाफ्टला खेळ. दोन्ही बघून मी काम पुढे ढकलायला हवं होतं. तीन वेळा चुकल्यावर माणूस बघायचं सोडून बदलायला लागतो.

पुली, बेल्ट, टायमिंग कव्हर सगळं उतरलं. टायमिंगच्या खुणांवर आधी मुलीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, ही युक्ती कामाची. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता त्याची नोंद वहीत २००९ची, म्हणून तोही नवा घातला, ६००. तेवढं तरी या दिवसाचं खरं काम. वॉटर बॉडी १,१५०. जुनीचा पंखा हातात घेऊन बघितला, पाती शाबूत. कूलंट पुन्हा ५२०.

कूलंट भरताना झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, वरचा होज दाबत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवेचा गोळा अडकला तर काटा खोटं दाखवतो.

१२ जानेवारी

पुन्हा गर्दी, पुन्हा काटा वर.

मामांना विचारलं. त्यांनी बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवली, फॅन लागेपर्यंत थांबले. "पंखा फिरतोय न्हवं? पाणी नवं, बॉडी नवी, रेडिएटर साफ. मग हेडच गेलंय. खोल हेड, उद्यमनगरात फेसिंग करून आण." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. त्याखालचं गॅस्केट, फेसिंग (तळ सपाट घासणं), व्हॉल्व ग्राइंडिंग धरून सात-आठ हजारांचा अंदाज. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. त्यांना जे दिसत होतं त्यावरून तेच निघतं.

हेड उघडण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या ठरवल्या. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस आहे का? नाही. थंड इंजिन, झाकण उघडं, रेस दिल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का? नाही. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, मामांचंच गेज घेऊन, सगळे प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून: तिन्ही ११ किलोच्या वर, आपसातला फरक अर्ध्या किलोच्या आत. गॅस्केट उडालेलं इंजिन असे आकडे देत नाही. हेड उघडायचं नाही.

१९ जानेवारी

सापडलं.

शेडच्या बाहेर गाडी उभ्याने चालू ठेवली होती, काटा कधी वर जातो ते घड्याळ लावून बघत होतो. फॅन लागला. बंपरखाली काही गळतंय का बघायला गाडीच्या पुढे उकिडवा बसलो आणि जाळीतून तोंडावर गरम हवेचा झोत आला.

मिनिटभर तसाच बसून राहिलो. फॅन रेडिएटरच्या मागे असतो. त्याने बाहेरची गार हवा पुढून आत ओढायची असते. पुढे बसलेल्या माणसाच्या तोंडावर वारा यायलाच नको.

वर्तमानपत्राचा एक कपटा जाळीसमोर धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. उडून माझ्या पायाशी पडला.

२० ऑक्टोबरची नोंद वर आहेच. दोन वायरी, रंग उडालेले, "फॅन फिरला, पुढच्या कामाला लागलो." वायरी उलट जोडल्या होत्या. हा साधा डीसी मोटरचा फॅन आहे, प्लस-मायनस उलटं केलं की तो तितक्याच जोरात उलटा फिरतो, आवाजही तसाच. तीन महिने तो इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. आता सगळ्या खुणा जुळतात. हायवेला वेगाच्या वाऱ्यानेच रेडिएटर गार राहतो, फॅन लागतच नाही, म्हणून कागलला काटा मध्यावर. गर्दीत आणि चढावर वेग कमी, फॅनवर सगळी भिस्त, आणि तिथे फॅन येणाऱ्या थोड्याशा वाऱ्यालाही मागे सारत होता. फॅन चालू झाल्यावरही काटा चढतच जातो, हे मी १५ डिसेंबरला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं.

मी, मामा, सल्ला देणारे सगळे, प्रत्येकाने फॅन फिरतो की नाही एवढं बघितलं. हवा कुठे जाते ते कुणी बघितलं नाही.

कनेक्टरमधल्या दोन पिना काढल्या, अदलाबदल केली. चार मिनिटं. कपटा जाळीला चिकटला. तासभर उभ्याने चालू ठेवली: काटा मध्याच्या जरा वर, फॅन लागतो, काटा खाली येतो, फॅन बंद होतो.

या चुकीचा हिशेब: गॅस्केट ४०, स्विच २६०, रॉडिंग ९००, वॉटर बॉडी १,१५०, एकदाचं कूलंट ५२०. एकूण २,८७० रुपये आणि पाच आठवडे. हेड उघडलं असतं तर दहा हजारांच्या वर गेलो असतो आणि गाडी तशीच तापत राहिली असती. वायरिंगला हात लावणाऱ्या प्रत्येकाने फॅनसमोर कागद धरून बघा. अमुक रंग प्लस असतो असं मी सांगणार नाही, जुन्या गाडीत आधीच कुणीतरी काय जोडलंय याचा भरवसा नसतो. कागद खोटं बोलत नाही.

मामांना जाऊन सांगितलं. ते लगेच उठून आले, स्वतः कागद धरला, दोनदा वायरी उलटसुलट करायला लावल्या आणि बघितलं. म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, आजपासून आधी ह्योच कागद धरणार."

२६ जानेवारी

पन्हाळा, आप्पांना शेजारी घेऊन. सुट्टीची गर्दी, चढावर गाड्यांची रांग, दोनदा पूर्ण थांबावं लागलं. फॅन तीन वेळा लागला, काटा प्रत्येक वेळी खाली आला. वर तीन दरवाजापाशी गाडी लावली. उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनाने वेग धरून ठेवला, ब्रेक फक्त वळणांवर. खाली वाघबीळला थांबून चारही चाकांजवळ हात नेला. मागचं उजवं इतरांपेक्षा जास्त गरम. हँडब्रेकची वायर जरा ताणलेली होती, घरी येऊन सैल केली.

११ फेब्रुवारी

आरटीओ तपासणी. फी ५,०००, पर्यावरण कर वेगळा. लाइट, हॉर्न, वायपर, ब्रेक, चेसिस नंबर. चेसिस नंबरवर गंजाचा पापुद्रा होता, आदल्या रात्री पितळी ब्रशने साफ करून ऑइल लावलं होतं, त्यामुळे अडलं नाही. पहिल्याच खेपेला पास.

गाडीवरचा खर्च, विमा, पीयूसी आणि आरटीओ सोडून: बॅटरी ३,४००, ऑइल १,३५०, इग्निशन १,०३०, पेट्रोलची लाइन आणि कार्बोरेटर १,५००, ब्रेक ३,०००, टायर १०,८००, कूलिंग ३,९९०. एकूण २५,०७० रुपये.

१६ फेब्रुवारी

आप्पांच्या वहीत पाच वर्षांनी नोंद केली. २० लिटर, ३१२ किलोमीटर, सरासरी १५.६. त्यांनी चष्मा लावून मागची पानं उलटली आणि बोट ठेवलं: जानेवारी २०२०, सरासरी १७.४. "दोन किलोमीटर कुठं गेले?"

प्लग काढून बघितले. तिन्ही काळपट, असायला हवेत विटकरी. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पीयूसीचा २.६ही तेच सांगत होता. सुईने मोठं केलेलं मेन जेट. दुकानात सांगून ठेवलंय, गुरुवारपर्यंत येतंय.